बत्तीवाल्याला भाजी कोण आणून देते?

मुलांनो, मागच्या महिन्यात शुक्रवारच्या वर्गात आपण समुद्रावरचा धडा वाचत होतो. मी फळ्यावर एक दीपगृह काढले. खाली खडक, चोहोबाजूंनी लाटा आणि वर दिवा. चित्र तसे बरे जमले होते. तेवढ्यात छोट्या गटातल्या एकाने हात वर केला आणि विचारले, "काका, तिथे राहणाऱ्या माणसाला भाजी कोण आणून देतं?"

सगळा वर्ग खो खो हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण मला धड उत्तर देता येईना. "होडीवाला देतो" असे काहीतरी पुटपुटून मी पुढच्या ओळीकडे वळलो. त्याला नीट उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते आज देतो आहे. उत्तर जरा लांबणार आहे, तेव्हा आईबाबांनीही शेजारी बसून वाचावे.

इब्रीतल्या मुलाला हा प्रश्न सुचला याचे मला नवल वाटत नाही. आपल्या गावाला समुद्र नाही. तो पाहायचा तर मस्कतला किंवा सोहारला काही तास गाडीने जावे लागते. पण तुमच्यापैकी ज्यांचे बाबा फहूदकडे तेलाच्या कामावर जातात, त्यांना ठाऊक आहे की वाळवंटातल्या कॅम्पवर पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही तर काय होते. खडकावरचे दीपगृह म्हणजे असाच एक कॅम्प. फरक इतकाच की रस्त्याच्या जागी समुद्र असतो, आणि तो रस्ता वर्षातले काही महिने बंद होतो.

फहूदचे नाव निघालेच आहे तर तिथूनच निघू. फहूदचे तेल नळातून मस्कतजवळच्या मिना अल फहलला जाते आणि तिथून जहाजात भरले जाते. पहिले जहाज १९६७ साली भरले गेले. समजा असे एखादे जहाज मुंबईला निघाले. अरबी समुद्र ओलांडून ते रात्री किनाऱ्याजवळ आले की कप्तानाला काळोखात दोन दिवे शोधावे लागतात. डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापुढचे प्रॉंग्ज दीपगृह आणि उजव्या हाताला खांदेरी बेटावरचे दीपगृह. या दोन्हींच्या मधून मुंबई बंदराची वाट जाते. दोन्हींच्या पायाशी खडक आहेत, म्हणून तर दिवे तिथे लावले. आणि खडकावर दिवा लावायचा म्हणजे तेलापासून मिठापर्यंत सारे खडकावर न्यायचे.

खांदेरी तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असेल. मुंबई बंदराच्या दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळ गावासमोर हे छोटे बेट आहे. दोन टेकाडे आणि मधल्या खोलगट भागात होड्या लावायची जागा. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे किल्ला बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांच्या अगदी नाकासमोर! त्यांना हे कसे खपावे? त्यांनी मोठी जहाजे आणून बेटाला वेढा घातला, जंजिऱ्याचा सिद्दीही आपले आरमार घेऊन आला. बेटावर मायनाक भंडारी आणि त्यांची माणसे भिंती रचत होती. भिंती रचणाऱ्याला रोज जेवण लागते, दारूगोळा लागतो. हे सगळे थळहून छोट्या होड्यांतून रात्री यायचे. इंग्रजांची जहाजे मोठी होती, पण वारा पडला की जागची हलत नसत आणि उथळ पाण्यात शिरत नसत. आपल्या होड्या वल्ह्यांवर चालत आणि खडकांमधून सुळकन निघून जात. शेवटी इंग्रजांनी नाद सोडला. लढाई तोफांची होती असे आपण म्हणतो, पण माझ्या मते खांदेरी राखली ती शिधा पोचवणाऱ्या तांडेलांनी. (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख.)

त्याच खांदेरीवर १८६७ साली दीपगृह उभे राहिले. आठ कोनी दगडी मनोरा आणि त्याखाली राहण्याची घरे. आज त्याला कान्होजी आंग्रे दीपगृह म्हणतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत खांदेरीही आहे. बेटावर वेताळाचे ठाणे आहे, तिथे कोळी बांधव नवस फेडायला येतात. तिथला एक दगड असा आहे की त्यावर दुसरा दगड आपटला की भांडे वाजवल्यासारखा आवाज येतो. हे विषयाला सोडून झाले, पण सांगितल्याशिवाय राहवले नाही.

आता दिव्याकडे. पूर्वी विजेची सोय नव्हती तेव्हा खडकावर सगळ्यांत जास्त काय न्यावे लागे? तेल. घरातला कंदील रात्री दोन-तीन तास जळतो. दीपगृहाचा दिवा सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत, वर्षाच्या सगळ्या रात्री जळायलाच हवा. "आज तेल संपले" ही सबब तिथे चालत नाही. त्यामुळे रॉकेलचे डबे होडीतून यायचे, होडीतून धक्क्यावर, धक्क्यावरून खांद्यावर आणि मग मनोऱ्याच्या गोल गोल जिन्याने वर.

वरचा दिवा कसा होता ते आजी-आजोबा लगेच सांगतील, कारण त्यांनी गॅसबत्ती पाहिली आहे. पंप मारून रॉकेलवर दाब द्यायचा, गरम नळीत त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाळीत पेटली की पांढराशुभ्र उजेड पडतो. आर्थर किट्सन नावाच्या गृहस्थाने १९०१ साली याच तत्त्वावर दीपगृहासाठी बर्नर तयार केला. लग्नाच्या वरातीतली गॅसबत्ती आणि समुद्रातला दीपगृहाचा दिवा ही अशी चुलत भावंडे आहेत. जाळी फार नाजूक असते, बोट लागले तरी विरते. म्हणून खडकावर न्यायच्या सामानात जाळ्यांची पेटी जपून न्यावी लागे.

पण एवढ्याशा ज्योतीचा उजेड वीस-तीस किलोमीटर जातो कसा? ही किमया भिंगाची. फ्रान्समधल्या ऑगस्टिन फ्रेनेल या शास्त्रज्ञाने १८२२ साली एक नवे भिंग सुचवले. एक जाडजूड भिंग बनवण्याऐवजी काचेची अनेक वर्तुळे एकाभोवती एक बसवायची, म्हणजे सगळीकडे पसरणारा उजेड एका सरळ पट्ट्यात गोळा होतो. मोठ्या दीपगृहातले असे भिंग माणसापेक्षा उंच आणि कित्येक टन वजनाचे असते. ते फिरवायचे तर काय करावे? पाऱ्याने भरलेल्या कढईसारख्या भांड्यात ते तरंगत ठेवत. मग एवढे मोठे धूड नुसत्या बोटाने ढकलले तरी फिरे. फिरवायला आजोबांच्या जुन्या लंबकाच्या घड्याळासारखे यंत्र असे. साखळीला वजन टांगलेले, ते हळूहळू खाली येताना चाके फिरत. वजन तळाला पोचले की बत्तीवाल्याने हँडल मारून ते पुन्हा वर चढवायचे. रात्रीतून कितीतरी वेळा. झोप लागली तर दिवा फिरायचा थांबला, आणि फिरायचा थांबलेला दिवा म्हणजे खोटे बोलणारा दिवा. ते कसे, ते शेवटी सांगतो.

पाऱ्याची वाफ अंगाला वाईट, हे पूर्वी फारसे कोणी मनावर घेत नसे. बंद खोलीत तो पारा गाळून साफ करायचे काम बत्तीवाल्याकडेच असे. आणखी एक गंमत. दिवसा भिंगावर पडदे ओढून ठेवावे लागत. भिंगाने आपण उन्हात कागद जाळतो ना, तसेच. पडदा विसरला तर सूर्याचे ऊन उलट आत गोळा होऊन आग लागायची भीती.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. ती म्हणजे उतरणे.

खडकाजवळ होडी कधीच स्थिर नसते. लाट तिला वर उचलते, खाली सोडते. सामान उतरवताना होडी लाटेच्या माथ्यावर आली की त्या क्षणी पोते वर द्यायचे, किंवा माणसाने उडी मारायची. एक क्षण चुकला तर पाय होडी आणि खडकाच्या मध्ये. काही ठिकाणी काठावर हाताने फिरवायची क्रेन असते. तिचा दोर खाली सोडून पिंपे, पेट्या आणि कधी कधी टोपलीत बसवून माणूसही वर ओढतात.

प्रॉंग्जची तऱ्हा वेगळी. ते १८७५ साली थॉमस ऑर्मिस्टन यांनी बांधले. सहा लाखांच्या वर रुपये खर्च आला, त्या काळचे सहा लाख बरे का! उंची १४६ फूट. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि किनाऱ्यावरून तिथवर चालत जाता येते. भरतीला मात्र चारी बाजूंनी पाणी. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात पाच मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणजे दीड मजला. तेव्हा तिथे जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहिलेले बरे. आपल्या कोळी लोकांचा एक हिशेब तुम्हीही करून पाहा. तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे मुंबईच्या बाजूला साधारण किती वाजता पूर्ण भरती ते कळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला किती वाजता? घरी काढा आणि पुढच्या शुक्रवारी सांगा.

आणि मग पावसाळा. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोकण किनाऱ्यावर छोट्या होड्या वाळूवर ओढून, झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की पुन्हा समुद्रात लोटायच्या. मधल्या काळात खडकावर जाणे जिवावरचे काम. तुमच्या आजीला 'आगोट' हा शब्द विचारा. पावसाळ्याआधी मे महिन्यात घरात तांदूळ, डाळ, मीठ-मिरची, पापड, लोणची, सुकी मासळी आणि सरपण भरून ठेवायचे, त्याला आगोटीची बेगमी म्हणतात. बेटावरच्या दिव्यासाठीही हीच आगोट करावी लागे, फक्त यादीत रॉकेल, वाती, काचा, जाळ्या, रंग आणि दोर जास्त. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याची मात्र चैन. छपरावरचे आणि अंगणातले पाणी टाकीत सोडले की झाले. पाण्याची खरी ओढ एप्रिल-मेमध्ये, तेव्हा पिंपे होडीतून येत.

आता आपल्या छोट्याच्या प्रश्नाचे उत्तर. पालेभाजी होडी आली त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. पुढे कांदे, बटाटे, लाल भोपळा आणि सुरण, कारण ते टिकतात. त्यानंतर डाळी, कडधान्ये आणि लोणचे. मासे मात्र दाराशी! गळ टाकायला वेळ आणि समुद्राची मर्जी असली म्हणजे झाले.

तुम्ही म्हणाल, एवढे दिवस एकटा माणूस वेडा नाही का होणार? इंग्लंडच्या बाजूला वेल्सपुढे स्मॉल्स नावाच्या खडकावर १८०० च्या सुमारास दोनच रखवालदार असत. त्यातला एक वारला. दुसऱ्याला धास्ती, की लोक म्हणतील यानेच मारले. वादळामुळे कित्येक दिवस होडी येऊ शकली नाही आणि तो बिचारा त्या मृताच्या सोबतीने दिवा लावत राहिला. त्यानंतर तिकडे अशा खडकांवर तिघांना ठेवायची रीत पडली.

पण तिघे असूनही घडायचे ते घडते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवर डिसेंबर १९०० मध्ये तीन रखवालदार होते. सामान आणि बदलीचा माणूस घेऊन येणारे 'हेस्परस' जहाज खराब हवेमुळे उशिरा, २६ डिसेंबरला पोचले. धक्क्यावर कोणी घ्यायला आले नाही. वर जाऊन पाहिले तर दिवा पुसून, तेल भरून तयार, आणि माणसे नाहीत. पुष्कळ लोकांनी यावर भुताखेतांच्या गोष्टी रचल्या. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र पश्चिमेच्या उताराच्या जागी एक गोष्ट पाहिली. समुद्रापासून ११० फूट उंचीवर दोर आणि क्रेनचे सामान ठेवायची पेटी होती, ती फुटून गेली होती. त्यांचा निष्कर्ष असा, की वादळात ती पेटी वाचवायला तिघे खाली गेले आणि लाटेने त्यांना नेले. तो दोर गेला असता तर पुढच्या खेपेचे सामान वर कसे घेणार? भुतांच्या गोष्टीपेक्षा मला ही साधी हकीकतच जास्त चटका लावते.

आपल्याकडेही असे झाले आहे. भारताच्या अगदी दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबार बेटावर इंदिरा पॉइंटचे दीपगृह आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तिथली जमीन चार मीटरहून जास्त खचली, आणि तिथे राहणारी माणसे वाहून गेली. मनोरा उभा राहिला, पण पायथा पाण्यात. तारीख पुन्हा २६ डिसेंबर, हा निव्वळ योगायोग.

ओमानमध्ये राहून ओमानचे दीपगृह सांगितले नाही तर बरे दिसणार नाही. मुसंदमच्या पुढे, होर्मुझच्या सामुद्रधुनीत तीन छोटी ओसाड बेटे आहेत. अरबी खलाशी त्यांना 'सलामा आणि तिच्या मुली' म्हणतात. किती गोड नाव! त्यांतल्या दिदामार या बेटावर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दिवा बसवला गेला. त्या काळी आखातातले दिवे त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली होते. कोकणातल्या खडकाची अडचण पावसाळा, तर इथली अडचण ऊन. पावसाचे पाणी टाकीत साठवावे तर पाऊसच नाही.

सिंधुदुर्गातल्या निवती-वेंगुर्ल्यासमोरच्या वेंगुर्ले रॉक्सवरही असाच दिवा आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. ती घरटी परदेशात सूप करायला महाग विकली जातात, म्हणून चोरही तिथे होड्या घेऊन येत. कायद्याने त्याला बंदी आहे. दिव्यासाठी वाट काढली की ती वाट सगळ्यांनाच सापडते.

या सगळ्याचा खर्च कोण देते, असा प्रश्न एखाद्या बाबांनी विचारला तर उत्तर सोपे आहे. बंदरात येणारी मोठी जहाजे दिव्यांसाठी कर भरतात. भारतात १९२७ च्या दीपगृह कायद्याने ही व्यवस्था लावली, आणि २०२१ मध्ये त्या जागी नवा कायदा आला. छोट्या होड्या फुकट उजेड घेतात, आणि घ्यावाच. दीपगृह खात्याची 'सागरदीप'सारखी खास सेवाजहाजे आहेत, ती सामान, माणसे आणि दुरुस्तीची यंत्रे घेऊन दूरच्या दिव्यांकडे फिरतात.

माणसाशिवाय दिवा लावायची युक्ती स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी काढली. त्यांच्या 'सूर्यझडपे'त एक काळा दांडा असतो. दिवसा उजेड शोषून तो तापतो, किंचित लांब होतो आणि गॅसची वाट बंद करतो. अंधार पडला की आखडतो आणि वाट उघडतो. आत माणूस नको, काडी नको. गॅसच्या नळकांड्या कित्येक महिने पुरत. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्यांचे डोळे गेले.

आता तर सौर पत्रे, बॅटऱ्या आणि एलईडी दिवे आले आहेत. जहाजांना उपग्रहावरून आपली जागा कळते. इंग्लंडमधला शेवटचा रखवालदार १९९८ साली खाली उतरला. भारतात मात्र अजून पुष्कळ दीपगृहांवर माणसे आहेत. आणि नुसते यंत्र असले तरी कोणीतरी जावेच लागते. खारा वारा पत्र्यांवर मिठाचा थर चढवतो, पक्षी घाण करतात, बॅटरी मरते. त्या दिवशी पुन्हा तीच होडी, तीच लाट आणि तीच उडी.

राहिली ती खोटे बोलणाऱ्या दिव्याची गोष्ट. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची आपली खूण असते. एखादा दर दहा सेकंदांनी दोनदा चमकतो, तर शेजारचा पाच सेकंदांनी एकदाच. खलाशी सेकंद मोजतो आणि पुस्तकात पाहून म्हणतो, हा अमुक दिवा. भिंग थांबले की खूण चुकली, आणि कप्तान भलत्याच खडकाला आपले बंदर समजला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळजण गावी जाणार आहेत. अलिबाग, रत्नागिरी, देवगड, मालवण किंवा गोव्याकडे कोणी गेले तर संध्याकाळी किनाऱ्यावर बसा, हातात सेकंदकाट्याचे घड्याळ घ्या आणि दिव्याची खूण मोजा. गावाचे नाव आणि मोजलेले सेकंद वहीत लिहून आणा, आपण पुढच्या अंकात छापू. होडीवाले काका भेटले तर त्यांना विचारा, शेवटची खेप कधी नेली आणि त्यात भाजी कोणती होती.